वाचकांचे प्रश्न : रीलमधले दंड आणि मैदानातली मुले

मागच्या अंकात किशोरवयीन खेळाडूंमधल्या उत्तेजक सेवनावर लेख होता. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच आहे : मुले जे मोबाइलवर पाहतात त्याचे काय करायचे? म्हणून या वेळी सगळी जागा माध्यमसाक्षरतेला, म्हणजे पडद्यावर दिसणारे पारखून घेण्याला, दिली आहे.

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. दर वर्षी स्टेरॉइडच्या दुष्परिणामांवर तासभर व्याख्यान देतो, खराब झालेल्या यकृताची चित्रेही दाखवतो. मुले शांतपणे ऐकतात. आठवड्याने त्यातलीच दोघे-तिघे ‘सर, सार्म्स घेतले तर चालतात का?’ म्हणून विचारतात (सार्म्स म्हणजे स्टेरॉइड नसलेली, पण स्नायूंवर तसाच परिणाम करणारी द्रव्ये). माझे कुठे चुकते?

तुमचा हेतू योग्य आहे, पण नुसती भीती दाखवून या वयात फार काही साधत नाही. मुलाला तीन महिन्यांवरची संघनिवड दिसते, चाळिशीतला हृदयविकार दिसत नाही. शिवाय तुमचा तास वर्षातून एकदा होतो. त्याच्या हातातल्या पडद्यावर मात्र पिळदार, हसरा, तंदुरुस्त दिसणारा माणूस रोज येतो आणि ‘मला काही झाले नाही’ असे सांगतो. रोज डोळ्यांनी दिसणाऱ्या माणसापुढे चित्रातले यकृत फिके पडते. तिसरी अडचण अतिशयोक्तीची. ‘एक गोळी घेतली की मेलास’ असे सांगितले आणि घेणारा मित्र धडधाकट दिसला, की तुमची बाकीची खरी वाक्येही त्याच्या लेखी खोटी ठरतात.

अमेरिकेत ओरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी 1990 च्या दशकात शाळांच्या अमेरिकन फुटबॉल संघांसाठी ‘अॅटलस’ हा कार्यक्रम तयार केला. व्याख्यानाऐवजी त्यांनी लहान गट पाडले. प्रत्येक गटाचा प्रमुख संघातलाच खेळाडू होता. आहार आणि वजनाच्या व्यायामाचे खरे शिक्षण दिले आणि जाहिरातींची चिरफाड मुलांकडूनच करून घेतली. 31 शाळांमध्ये झालेल्या चाचणीत या मुलांमधला स्टेरॉइड घेण्याचा इरादा कमी झाला. इटलीत माध्यमिक शाळांमध्ये खास माध्यमसाक्षरतेचा कार्यक्रम राबवला गेला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथे उत्तेजकांविषयीचा अनुकूल कल आणि पूरक पदार्थांचा, म्हणजे जेवणाखेरीज घेतल्या जाणाऱ्या पावडरी-गोळ्यांचा, वापर हे दोन्ही घटले.

दुष्परिणाम सांगणे सोडू नका. फक्त नेमके सांगा आणि जवळचे सांगा. वाढत्या वयात अॅनाबॉलिक, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या, स्टेरॉइडमुळे हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या चकत्या वेळेआधी बंद होऊ शकतात. मग उंची तिथेच थांबते, ती पुन्हा सुरू करता येत नाही. मुलांच्या छातीत स्तनांसारखी गाठ वाढू शकते. मुलींचा आवाज घोगरा झाला तर बहुधा तसाच राहतो. पंधरा वर्षांच्या मुलाला या गोष्टी आजच्या वाटतात.

प्रश्न : आमच्या क्लबमध्ये 14 ते 17 वयाचे 22 खेळाडू आहेत. आठवड्याला 45 मिनिटे देता येतील. नेमके काय आणि कोणत्या क्रमाने करायचे?

सहा आठवडे पुरतात आणि दोन महिन्यांनी एक उजळणी हवी. पाच-सहा जणांचे चार गट करा. प्रत्येक गटाला संघातलाच एक प्रमुख नेमा आणि त्याला आदल्या दिवशी पंधरा मिनिटे बसवून पुढचा तास समजावून द्या. प्रमुख म्हणून सर्वात हुशार मूल नको. ज्याचे बाकीचे ऐकतात ते मूल निवडा.

पहिल्या तासाला प्रत्येकाने स्वतःच्या फीडमधल्या शरीर किंवा खेळाशी संबंधित तीन पोस्टचे स्क्रीनशॉट आणायचे. कोणते दाखवायचे ते त्याने ठरवावे, त्याचा फोन कोणी हातात घेऊ नये. नमुने शिक्षकाने निवडले की तास फसतो. मोठ्यांना ज्या जाहिराती दिसतात त्या मुलांना दिसतच नाहीत, आणि दोन वर्षांपूर्वीची रील पाहून ती हसतात. स्क्रीनशॉट भिंतीवर लावा आणि नुसते मोजा : किती पोस्टमध्ये डिस्काउंट कोड आहे, किती पोस्टमध्ये आकड्यातला दावा आहे, कितींवर ‘सशुल्क भागीदारी’ असे लिहिले आहे. मग प्रत्येक पोस्टला पाच प्रश्न विचारायचे. हे कोणी बनवले? त्यांना यातून काय मिळते? लक्ष खेचायला काय वापरले? आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाला हे कसे वाटेल? आणि यातून काय वगळले आहे?

शेवटच्या प्रश्नावर सर्वात जास्त वेळ द्या. उदाहरण म्हणून ‘लिव्हर किंग’ या नावाने प्रसिद्ध असलेला इन्फ्लुएन्सर घ्या. कच्चे मांस, प्राण्यांचे यकृत आणि आदिमानवासारखी दिनचर्या हेच आपल्या शरीराचे रहस्य, असे तो सांगत होता आणि पूरक पदार्थही विकत होता. स्टेरॉइड घेतल्याचे त्याने आधी नाकारले आणि डिसेंबर 2022 मध्ये व्हिडिओ करून मान्य केले. त्याचा व्यायाम खरा होता आणि खाणेही खरे होते. जे सांगितलेच नव्हते, त्यामुळे सगळ्याचा अर्थ बदलला. मुलांच्या हे लवकर लक्षात येते.

दुसरा तास फोटोचा, आणि तो मुलांना सर्वात आवडतो. अर्ध्या तासात ‘आधी’ आणि ‘नंतर’ तयार करायचे. पहिला फोटो खोलीच्या छताला लावलेल्या दिव्याच्या सपाट उजेडात, खांदे पाडून, स्नायू सैल सोडून. मग पंधरा मिनिटे जोर आणि रबरी पट्ट्यांचा व्यायाम, म्हणजे स्नायूंत रक्त भरते. जिममध्ये याला ‘पंप’ म्हणतात. आता एकच दिवा बाजूने आणि थोडा वरून, साधारण 45 अंशांत. कॅमेरा कमरेच्या उंचीवर धरून किंचित वर रोखलेला, स्नायू आवळलेले. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की तीन महिन्यांचा फरक वाटतो. इथे दोन बंधने कडक पाळा. फोटो फक्त दंड, खांदा किंवा पोटरीचे घ्या, कोणालाही शर्ट काढायला लावू नका. आणि तास संपण्यापूर्वी सगळ्यांसमोर फोटो पुसा. शरीराबद्दल आधीच संकोच असलेले मूल गटात असतेच, त्याला दिवा धरायचे किंवा कॅमेऱ्याचे काम द्या.

तिसरा तास आकड्यांचा. ‘सहा आठवड्यांत आठ किलो मसल’ हा दावा फळ्यावर लिहा आणि विचारा : काट्यावर वाढले ते स्नायूच कशावरून? शरीर स्नायूंत आणि यकृतात साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवते, आणि हा साठा भरताना ग्लायकोजेनचा एक ग्रॅम साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. 400 ग्रॅम साठा भरला की काटा दीड किलोच्या वर सरकतो. क्रिएटिन (स्नायूंना झटपट ऊर्जा मिळावी म्हणून घेतला जाणारा पूरक पदार्थ) सुरू केल्यावर पहिल्या काही दिवसांत किलो-दोन किलो पाणी वाढू शकते. त्याहून मोठा मुद्दा वयाचा आहे. वाढीच्या ऐन भरात मुलाचे वजन वर्षाला सरासरी नऊ किलोच्या आसपास वाढते. तेव्हा पंधराव्या वर्षी पावडर सुरू केलेल्या मुलाच्या अंगात जे भरते त्याचे बरेचसे श्रेय वयात येण्याला असू शकते, डब्यालाच असे नाही. त्याने त्याच महिन्यात व्यायामही सुरू केलेला असतो आणि जेवणही वाढवलेले असते. डबा न घेता हेच सगळे करणारा मुलगा शेजारी उभा केल्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही. ‘तुलना कोणाशी?’ हा प्रश्न तोंडात बसेपर्यंत वेगवेगळे दावे घ्या.

चौथ्या तासाला आडवे वाचन. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू या स्टॅनफर्डच्या अभ्यासकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस संकेतस्थळे कशी पारखतात ते पाहिले. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्याच पानावर वरपासून खाली वाचत राहिले आणि देखण्या मांडणीला फसले. तपासनीस मात्र काही क्षणांतच पान सोडून नव्या टॅबमध्ये गेले आणि इतर लोक या स्थळाबद्दल काय म्हणतात ते पाहू लागले. मुलांना हीच सवय लावायची. प्रत्येक पोस्टला तीन मिनिटे, घड्याळ लावून : बोलणाऱ्याचे नाव नव्या टॅबमध्ये शोधा, तो काय विकतो ते पाहा, हाच दावा विकणाऱ्याखेरीज आणखी कोणी करतो का ते पाहा, आणि ‘संशोधनाने सिद्ध’ म्हटले असेल तर ते संशोधन गाठा. ते उंदरांवर होते की माणसांवर? किती जणांवर? पैसे कोणी दिले? मुले हमखास चुकतात ती दोन ठिकाणी. ती कंपनीच्याच ‘आमच्याविषयी’ पानावर जाऊन खातरजमा झाली असे मानतात, आणि शोधात सर्वात वर आलेला दुवा उघडतात, जो अनेकदा पैसे देऊन वर आणलेला असतो.

पाचवा तास डब्यावरच्या लेबलाचा. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ (कंपनीचे स्वतःचे गुप्त मिश्रण) लिहिले असेल तर कोणता घटक किती, ते कळत नाही. एकच पदार्थ अनेक नावांनी येतो. मिथाइलहेक्झानअमाइन हे बंदी असलेले उत्तेजक डीएमएए या नावानेही येते आणि जिरॅनियमचा अर्क म्हणूनही विकले गेले आहे. आणि लेबलवर नाव नसले म्हणजे डब्यात नाही असेही नाही. जर्मनीतल्या कोलोनच्या उत्तेजकचाचणी प्रयोगशाळेने 13 देशांतून घेतलेले 634 पूरक पदार्थ तपासले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार 94 नमुन्यांत लेबलवर न लिहिलेली अॅनाबॉलिक द्रव्ये निघाली. म्हणजे सातांत एक.

सहाव्या तासाला गटांनी स्वतःचा 30 सेकंदांचा संदेश करून धाकट्या संघाला दाखवायचा. त्यात एक नेहमीची युक्ती उघडी करायची. विल्यम मॅग्वायर या मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात मांडले होते, की फसव्या युक्तिवादाचा सौम्य डोस आधी देऊन त्याचे उत्तर शिकवले, तर खरा हल्ला होतो तेव्हा मन तग धरते, जशी लस. त्यातही ऐकलेल्यापेक्षा मुलाने स्वतः घडवलेले उत्तर त्याला हवे तेव्हा आठवते, म्हणून संदेश मुलांनीच लिहावा. त्यात शिक्षकांची वाक्ये घुसवू नका.

प्रश्न : मी सतरा वर्षांची धावपटू आहे. आमच्याकडच्या सीनिअर मुली म्हणतात, ‘वरच्या पातळीवर सगळेच घेतात, जे पकडले जातात ते मूर्ख.’ बातम्या वाचल्या की मलाही तेच खरे वाटते.

तुझा प्रश्न सर्वात अवघड आहे, कारण त्यात थोडे खरे आहे. कॅनडाचा धावपटू बेन जॉन्सन याने 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये 100 मीटर 9.79 सेकंदांत जिंकले आणि तीन दिवसांत पदक गमावले. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगची ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीची सात विजेतेपदे 2012 मध्ये काढून घेतली गेली, तोवर अनेक वर्षे त्याच्या चाचण्यांनी त्याला रोखले नव्हते. चाचण्यांत दर वर्षी शंभरातला साधारण एक नमुना दोषी ठरतो. नाव न विचारता केलेल्या पाहण्यांत उत्तेजक घेतल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण त्याहून बरेच जास्त येते. म्हणजे शंभरात एक हा आकडा अपुरा आहे. पण ‘सगळेच’ हाही आकडा नाही. अपुरा आकडा दिसला म्हणून दुसरे टोक खरे ठरत नाही.

आता बातमी कशी बनते ते बघ. दोषी ठरलेला खेळाडू ही बातमी असते. त्याच दिवशी शेकडो जणींचे नमुने स्वच्छ निघाले, ही बातमी कोणी छापत नाही. वर्षभर अशा बातम्या वाचल्या की सगळे मैदान तसेच दिसू लागते. दुसरे, स्वतः घेणारा माणूस बाकीचेही घेतात असे जास्त प्रमाणात मानतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. त्याच्या मनाला त्याचा आधार असतो. आणि ज्याला विकायचे आहे त्याला तर हे वाक्य फार सोयीचे आहे.

म्हणून एक काम कर. कागदावर तीन रकाने आख : पाहिले, ऐकले, वाटले. सीनिअर मुलींचे प्रत्येक वाक्य त्यांतल्या एका रकान्यात टाक. बहुतेक वाक्ये दुसऱ्या-तिसऱ्या रकान्यात जातील. पहिल्या रकान्यात खरेच काही आले, तर ते एकटीने मनात ठेवू नकोस. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांग. उत्तेजकविरोधी संस्थांकडे नाव न देता माहिती कळवण्याची सोय असते.

हे उत्तर शिक्षकांनीही वाचावे. मुलांना शंका घ्यायला शिकवताना सर्वात मोठा धोका इथेच आहे. पाच तास फसवणुकीचीच उदाहरणे दाखवली, की मूल चौकस होण्याऐवजी ‘कोणाचेच काही खरे नाही’ असे म्हणू लागते. मग ‘सगळेच घेतात’ हे त्याला सहज पटते, आणि ती समजूतच उत्तेजकांकडे नेणारी एक मोठी वाट आहे. त्यामुळे प्रत्येक तासाला तपासणीत खरा ठरणारा एक तरी दावा ठेवा. पुरेशी झोप कामगिरीला मदत करते, क्रिएटिनवर बंदी नाही, अशी विधाने मुलांनी स्वतः तपासून ‘हे खरे आहे’ या निष्कर्षाला यायला हवे. खरे ओळखता येणे हे कौशल्याचे दुसरे अंग आहे आणि तेच बहुतेक वेळा शिकवायचे राहून जाते.

प्रश्न : माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या बॅगेत ‘सार्म्स’ लिहिलेली बाटली सापडली. तो म्हणतो, ‘आई, हे स्टेरॉइड नाही, लीगल आहे, व्हिडिओत डॉक्टरनेच सांगितलंय.’ मी काय करू?

आधी बाटली फेकू नका. ती मुलासह डॉक्टरांकडे न्या. यकृत, कोलेस्टेरॉल आणि हार्मोन यांच्या रक्तचाचण्या गरजेप्रमाणे ते सांगतील. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा पोटात उजवीकडे दुखणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी जा. सार्म्समुळे यकृताला इजा झाल्याच्या आणि शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन दबल्याच्या नोंदी आहेत.

‘लीगल’ हा शब्द इथे दिशाभूल करतो. ऑस्टारिन, लिगॅन्ड्रॉल यांसारख्या सार्म्सना औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही. म्हणून अशा बाटल्यांवर ‘फक्त संशोधनासाठी, मानवी सेवनासाठी नाही’ असे छापून त्या विकल्या जातात. ती ओळ मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. खेळात ही सगळी द्रव्ये स्पर्धेच्या काळात आणि एरवीही, पूर्ण वेळ बंदीखाली आहेत. याच दुकानांत मिळणारे कार्डरीन हे सार्म नाहीच. प्राण्यांत गाठी आढळल्याने त्याच्यावरचे औषधसंशोधन सोडून दिले गेले आणि जागतिक उत्तेजकविरोधी संस्था ‘वाडा’ने 2013 मध्ये त्याबद्दल खास इशारा दिला. शिवाय बाटलीत काय आहे तेही नक्की नसते. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अशा 44 उत्पादनांची तपासणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जेमतेम निम्म्यांत सार्म निघाले, 39 टक्क्यांत मान्यता नसलेले दुसरेच औषध होते, आणि चार बाटल्यांत काहीच सक्रिय द्रव्य नव्हते.

आता तो व्हिडिओ त्याच्याबरोबर बसून, न रागावता पाहा. बोलणारा कशाचा डॉक्टर आहे? त्याची नोंदणी सापडते का? खाली विकत घेण्याचा दुवा आहे का? उत्तरे त्याने शोधावीत, तुम्ही शेजारी बसावे. तुम्हीच निकाल सुनावला तर तो पुढची बाटली जास्त चांगल्या ठिकाणी लपवेल. आणि हे घ्यावेसे का वाटले, हेही त्याच बैठकीत विचारा. कोणी चिडवते का, संघातून वगळले का, हे कळेपर्यंत काम अर्धेच आहे.

प्रश्न : त्यापेक्षा सगळेच पूरक पदार्थ वाईट, असे सांगून मोकळे होणे सोपे नाही का?

सोपे आहे, पण खोटे आहे, आणि मुले ते एका शोधात पकडतात. प्रथिनांची पावडर, क्रिएटिन, कॅफीन यांवर बंदी नाही. सांगायचे ते असे : अठरा वर्षांखालच्या बहुतेकांना जेवण, झोप आणि नीट आखलेला सराव पुरतो. पूरक पदार्थ घ्यायचाच, तर भेसळीची जबाबदारी खेळाडूचीच राहते. ‘मला माहीत नव्हते’ म्हटल्याने चाचणीचा निकाल बदलत नाही. सोळा वर्षांखालच्यांना आणि काही अटींवर अठराखालच्यांना नियमांत संरक्षित व्यक्ती मानून शिक्षेत सवलत मिळू शकते, पण प्रकरण होतेच. पदार्थ तपासून प्रमाणित करणाऱ्या ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ किंवा ‘एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट’ यांचे चिन्ह असले तरी नुसत्या चिन्हावर थांबू नका, ते छापता येते. डब्यावरचा बॅच क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. त्यानेही जोखीम कमी होते, संपत नाही. बंदीची यादी दर 1 जानेवारीला नवी लागू होते. मेल्डोनियम हे हृदयविकारावरचे औषध 2016 च्या यादीत आले आणि त्याच जानेवारीत टेनिसपटू मारिया शारापोव्हा चाचणीत सापडली, यादीतला बदल तिने पाहिला नव्हता. डिसेंबरच्या शेवटच्या सरावाला नवी यादी मुलांबरोबर उघडून पाहा.

प्रश्न : सहा तास झाले, मुलांना मजाही आली. उपयोग झाला हे कसे ओळखायचे?

माहितीची परीक्षा घेऊ नका, द्रव्यांची नावे पाठ होतात. पहिल्या तासाआधी मुलांना न पाहिलेली एक पोस्ट द्या आणि ‘यावर विश्वास ठेवण्याआधी तू काय काय विचारशील?’ एवढेच, नाव न घालता, लिहून घ्या. सहा आठवड्यांनी वेगळी पोस्ट, तोच प्रश्न. दोन महिन्यांनी पुन्हा. प्रत्येक कागदावर किती प्रश्न आले आणि त्यांत ‘कोणाला काय मिळते’, ‘काय वगळले’, ‘तुलना कोणाशी’ यांपैकी किती, ते मोजा. तिन्ही वेळा एक पोस्ट खरीही द्या. खऱ्या पोस्टलाही मुले खोटी म्हणू लागली असतील, तर उजळणीचा तास त्यासाठीच वापरा. आणि कागद तपासायला गटप्रमुखांना सोबत बसवा. कुठले उत्तर मनापासून लिहिले आणि कुठले तुम्हाला आवडेल म्हणून लिहिले, ते त्यांना तुमच्याआधी कळते.